फळा बघायचा की लेकरू? विशेष शिक्षकांच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचं काम तपासायचं कसं, यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं लांब होती, मुद्दा तेवढा ठेवला आहे. काही जणांची नोकरी करारावर असल्यामुळे नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या केंद्रातल्या दोन शाळांत गटसाधन केंद्राचे, म्हणजे तालुक्याच्या शैक्षणिक मदत केंद्राचे, विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात. पाठनिरीक्षणाचा नेहमीचा तक्ता घेऊन बसलो की फलकलेखन, प्रश्नांचं वितरण, वर्गनियंत्रण, गृहपाठ हे रकाने कोरेच राहतात. गुरुजी मागच्या बाकावर एका मुलाजवळ बसलेले असतात. मी शेरा काय लिहू?
— केंद्रप्रमुख, कळमनुरी तालुका, जि. हिंगोली

उत्तर : रकाने कोरे राहिले हे बरंच झालं, भरले असते तर चुकीचे भरले गेले असते. तो तक्ता अख्ख्या वर्गाला एक पाठ देणाऱ्या शिक्षकासाठी केलेला आहे. विशेष शिक्षक एकाच आठवड्यात चार वेगवेगळी कामं करतो. सोमवारी तो वर्गात वर्गशिक्षकाच्या जोडीने उभा असतो. मंगळवारी संसाधन कक्षात तीन-चार मुलांना वेगळं घेऊन बसतो. बुधवारी कुणाच्या तरी घरी, अंथरुणावरच्या मुलाजवळ असतो. उरलेल्या दिवशी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या शिबिराला मुलं नेणं, साहित्य वाटप, पालकभेटी. म्हणून तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ वाढवा : ‘आज हे कोणत्या कामावर आहेत?’ ती ओळ भरल्याशिवाय खाली एकही खूण करू नका.

तुम्ही वर्गातल्या कामाचं विचारलं आहे, म्हणून त्याचीच रीत सविस्तर देतो. घड्याळ, पेन्सिल आणि चौकटीचा कागद एवढं पुरे. २० मिनिटं बसा. दर मिनिटाला एकदाच त्या मुलाकडे बघा आणि त्या क्षणी जे दिसेल त्याचं एक अक्षर लिहा. मूल काम स्वतः करत असेल तर ‘स्व’. सांगून, बोट दाखवून, खूण करून करत असेल तर ‘सां’. शिक्षक हात धरून करवून घेत असेल किंवा स्वतःच करून देत असेल तर ‘हा’. मूल नुसतं बसलेलं असेल तर ‘रि’, म्हणजे रिकामं. २० नोंदी होतील. शेजारच्या एका साध्या मुलाच्याही अशाच नोंदी त्याच कागदावर बाजूला करा. ही दुसरी ओळ लोक टाळतात आणि तिथेच फसतात. दिव्यांग मूल २० पैकी ७ वेळा रिकामं दिसलं आणि शेजारचंही ६ वेळा रिकामं असलं, तर दोष पाठाचा आहे, विशेष शिक्षकाचा नाही. शेजारचं मूल एकदाच रिकामं आणि आपलं ७ वेळा असेल तर मात्र विशेष शिक्षकाशी बोलायला हवं.

‘हा’ची संख्या मोठी दिसली की बघणाऱ्याला वाटतं, गुरुजी किती मेहनत घेतात! हात धरून अक्षर गिरवून घेणं सुरुवातीला लागतंच. पण जूनमध्ये १२ ‘हा’ होते आणि डिसेंबरमध्येही १२च असतील, तर मूल शिकलं नाही. मुलाच्या हाताने गुरुजींनी लिहिलं. चांगल्या कामात ‘हा’ कमी होत ‘सां’ वाढतात आणि मग ‘सां’ कमी होत ‘स्व’ वाढतात. मदतीची ही घसरण एका भेटीत दिसत नाही. वर्षात निदान तीन वेळा, त्याच मुलाजवळ, शक्यतो त्याच विषयाच्या तासाला बसावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. शिक्षकाने विचारल्यावर तो किती थांबतो ते मनात मोजा. बौद्धिक अक्षम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उत्तर जुळवायला ५ ते १० सेकंद सहज लागतात. दुसऱ्याच सेकंदाला उत्तर पुरवणारा शिक्षक मुलाची पाळी हिरावून घेतो. दुसरं, तो बसला कुठे? मूल आणि वर्गशिक्षक यांच्या मध्ये भिंतीसारखा बसला असेल तर वर्गात असूनही मूल वर्गाबाहेर आहे. जोडीने शिकवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत : एक शिकवतो, दुसरा फिरतो, वर्गाचे दोन गट करून दोघं एकच पाठ घेतात, खोलीत चार कोपरे करून मुलं फिरवतात. त्या दिवशी त्यांनी कोणती ठरवली होती हे आधी विचारा आणि तीच चालली का ते बघा. काहीच ठरलं नसेल तर तशी नोंद करा, फक्त ती दोघांच्या नावावर करा.

पण आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाची खरी परीक्षा तो नसतो त्या दिवशी होते. म्हणून एक भेट मुद्दाम त्याच्या गैरहजेरीत द्या. मुलाची वही उघडा : मधल्या चार दिवसांत काही काम आहे का, आणि ते बाकीच्यांपेक्षा कमी किंवा वेगळं करून दिलेलं आहे का? वर्गशिक्षकाला विचारा : हा इथेच का बसतो? आजच्या पाठात त्याच्यासाठी काय बदललं? मागच्या भेटीत विशेष शिक्षकांनी तुम्हाला काय करून दाखवलं? तिसऱ्या प्रश्नाला ‘ते येतात, त्याला घेऊन बसतात, जातात’ असं उत्तर आलं तर विशेष शिक्षकाचं निम्मं काम झालेलं नाही. अर्थात दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंकडून पूर्ण आठवड्याचं वेगळं नियोजन मागू नका. एक बदल टिकला तरी पुष्कळ आहे.

गुण द्यायचेच असतील तर आमच्या मते वर्गातल्या कामाला ४०, वर्गशिक्षकात आणि वर्गात टिकलेल्या बदलाला ३०, मुलाच्या वैयक्तिक आराखड्याला व नोंदींना २० आणि साहित्य वापरात व चालू स्थितीत असण्याला १०. घरी जाऊन शिकवणाऱ्यांना हे वाटप चालणार नाही. त्याबद्दल पुढे.

आणि एक विनंती : तपासणीला गेल्यावर त्या मुलाला उभं करून पाचचा पाढा विचारू नका.

प्रश्न : आमची बौद्धिक अक्षम मुलांची विशेष शाळा आहे. तपासणीला येणारे ‘वर्गनिहाय प्रगती टक्के’ मागतात. एका बाईंच्या गटातली मुलं बाजारातून साखर आणतात. दुसऱ्या बाईंच्या गटात शी-शूचंही न सांगणारी तीव्र गटाची मुलं आहेत. टक्के लावले की दुसऱ्या बाई दरवर्षी खाली. त्यांना वाईट वाटतं आणि मलाही ते पटत नाही.
— मुख्याध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : न पटणं बरोबर आहे. दोन गटांची तुलना करणारा आकडा इथे कशाचंच माप होत नाही. ज्याचं माप घ्यायचं ते मूल स्वतःशीच ताडून बघावं लागतं.

तुमच्याकडे बहुधा सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी, म्हणजे कार्यात्मक मूल्यमापन तपासणी सूची, वापरात असेल. पूर्व-प्राथमिकपासून पूर्व-व्यावसायिकपर्यंत तिचे स्तर आहेत. त्या स्तरावरची ८० टक्के कलमं साधली की मूल पुढच्या स्तरात जातं आणि करमणुकीची कलमं या टक्केवारीत धरत नाहीत. घोटाळा नेमका इथे होतो : स्तर बदलण्यासाठी असलेला ८० हा आकडा लोक शिक्षकाच्या कामाचा आकडा समजतात. तीव्र गटातल्या मुलाने वर्षात १८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर येणं हे भक्कम काम असू शकतं आणि वरच्या गटातल्या मुलाचं ७० वरून ७४ होणं ढिलाईही असू शकते.

सूचीतल्या खुणा वाचायला शिका, टक्के नंतर. मूल स्वतः करतं, अधूनमधून आठवण लागते, तोंडी सूचना लागते, हात लावून मदत लागते, या प्रत्येकाची खूण वेगळी असते. तोंडी सूचना आणि हाताची मदत या दोन्ही खुणा टक्क्यांत शून्यच धरल्या जातात. म्हणजे हात धरून शर्ट घालणारं मूल नुसत्या सांगण्यावर घालू लागलं, तरी टक्केवारी जागची हलत नाही. बाईंचं अख्ख्या वर्षाचं काम त्या दोन खुणांच्या मधल्या जागेत असतं. शिवाय ‘संधीच मिळाली नाही’ अशीही एक खूण आहे. घरी सगळं आईच करते म्हणून मुलाने कधी तांब्या उचललेला नसतो. ते ‘येत नाही’त धरायचं नसतं. एखाद्या बाईंच्या नोंदीत ही खूण कुठेच नसेल तर सूची बहुधा टेबलाशी बसून भरलेली आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. आठ मुलांच्या गटातून चिठ्ठ्या टाकून दोन मुलं निवडा. प्रत्येकाच्या वैयक्तिक आराखड्यातलं एकेक उद्दिष्ट काढा. ‘स्वच्छतेची सवय लावणे’ असं लिहिलेलं असेल तर ते उद्दिष्ट नाही, सुविचार आहे. असं हवं : ‘जेवणाआधी नळाखाली हात धुण्याच्या ८ पायऱ्यांपैकी ६ पायऱ्या, फक्त “हात धू” एवढ्या सांगण्यावर, सलग तीन दिवस.’ आठ पायऱ्या म्हणजे नळाशी जाणं, बाही वर करणं, नळ उघडणं, हात ओले करणं, साबण लावणं, हात चोळणं, धुऊन नळ बंद करणं, पुसणं. पायऱ्या किती कराव्यात हे मुलावर अवलंबून आहे. एका मुलाला ‘नळ उघडणं’ ही एक पायरी असते आणि दुसऱ्याला तिच्याच तीन कराव्या लागतात.

मग मुलाला ते काम नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, ओळखीच्या माणसासमोर करू द्या. कार्यालयात बोलावून रिकाम्या बादलीसमोर हात धुवायला लावलं तर ते हसत उभं राहील. नंतर एकच गोष्ट बदला, साबण नाही तर नळ. नळाऐवजी तांब्या असलेल्या ठिकाणी सहाच्या चार पायऱ्या आल्या तरी शिकवणं पक्कं आहे असं समजा. शून्य आल्या तर ते काम त्या नळाशीच बांधलेलं आहे. बाईंनी पुढे काय करावं हे तिथेच कळतं.

फसवणूक कुठे होते तेही लिहितो. सोपी उद्दिष्टं घ्यायची, म्हणजे मार्चमध्ये सगळी ‘साध्य’. यावर उपाय म्हणजे सुरुवातीची पातळी एकदा न मोजता जूनअखेरपर्यंत वेगवेगळ्या तीन दिवशी मोजायची आणि तारखा टाकायच्या. जे तेव्हाच येत होतं ते उद्दिष्टात येत नाही. मग आराखड्यांची नक्कल : नाव बदललं, बाकी तेच. आठ आराखडे शेजारी ठेवून वाचले तर पाच मिनिटांत समजतं. आणि दोष नसताना दोष लागतो तोही प्रकार असतो. फिटचं औषध बदललं की काही मुलं सकाळी पेंगतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली की औषधाची आणि शाळेची वेळ एकमेकींवर येते आणि मार्च-एप्रिलच्या नोंदी एकदम खाली जातात. नोंदवहीत औषध बदलाची तारीख लिहिली असेल तर बाईंना वेगळा खुलासा द्यावा लागत नाही.

प्रश्न : मी फिरता विशेष शिक्षक आहे. दिवाळीनंतर माझी बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परत येतात. वार्षिक मूल्यमापनात ‘प्रगती असमाधानकारक’ असा शेरा आला. नोकरी करारावर आहे, म्हणून भीती वाटते.
— विशेष शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्या कागदावर छेद चुकला आहे. ज्या मुलाबरोबर वर्षात ३६ भेटी व्हायला हव्या होत्या, त्यातल्या १४च शक्य होत्या आणि तुम्ही १२ दिल्या, तर तुमचं काम १४ पैकी १२ आहे, ३६ पैकी १२ नव्हे. प्रत्येक मुलासाठी तीन रकाने ठेवा : शक्य भेटी, झालेल्या भेटी, न झालेल्याचं कारण. कारणं मोघम नकोत. ‘कुटुंब स्थलांतरित, ४ नोव्हेंबर, मुख्याध्यापकांची सही’ असं लिहा. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलं असेल तर ते ‘शक्य भेटी’तच धरायचं, तिथे सूट मागू नका.

मूल निघायच्या आधीच्या आठवड्यात दोन कामं करा. त्याची त्या दिवसाची पातळी मोजून ठेवा आणि पालकांच्या हाती एका पानाचं कार्ड द्या. मुलाला काय येतं, कशी मदत लागते, कोणतं साहित्य सोबत आहे, औषध कोणतं, तुमचा मोबाइल नंबर. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी त्यावर चित्रं काढा, आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत द्या, कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, ओल असते. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजा. जातानाच्या आणि येतानाच्या मोजणीतला फरक हा स्थलांतराचा परिणाम. येतानाच्या मोजणीपासून पुढे जे होईल ते तुमचं काम.

कराराबद्दल. वर्षाच्या सुरुवातीलाच, तुम्हाला कोणत्या निकषांवर तपासणार ते लेखी मागा आणि पोच घ्या. शेरा आल्यावर त्याखाली आपलं म्हणणं तारखेसह लिहून प्रत ठेवा. मुलांचा भार किती आहे हेही त्यात मांडा. २०२१ च्या रजनीश कुमार पांडेय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांसाठी प्रमाण सांगितलं आणि २०२२ मध्ये केंद्राने ते शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत घातलं : पहिली ते पाचवीला १० दिव्यांग मुलांमागे एक, सहावी ते आठवीला १५ मुलांमागे एक. तुमच्याकडे याच्या तिप्पट मुलं असतील तर तो आकडा शेऱ्याशेजारी दिसला पाहिजे.

आता थोडं कडू. मासिक दैनंदिनीत चाळीस ठिकाणी ‘भेट दिली, मार्गदर्शन केले’ एवढंच असेल तर तुमच्या बाजूने बोलायला कागदच नाही. प्रत्येक भेटीची एक ओळ पुरते : कोणत्या मुलाला, कोणतं उद्दिष्ट, किती प्रयत्न, किती स्वतः केले, वर्गशिक्षकाला काय दाखवलं. ‘१० पैकी ४, बाईंना मण्यांची माळ दाखवली.’ लिहायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : माझं लेकरू कर्णबधिर आहे, गावच्या शाळेत दुसरीला जातं. गुरुवारी विशेष सर येतात. ते नीट शिकवतात का नाही, हे मला कसं कळावं? मी सातवी शिकले. घरी आम्ही तेलुगू-मराठी दोन्ही बोलतो.
— एक आई, देगलूर तालुका, जि. नांदेड

उत्तर : ताई, यासाठी शिक्षण लागत नाही, कान आणि डोळे लागतात.

सरांनी आल्याबरोबर काय केलं ते बघा. धडा काढण्याआधी त्यांनी कानातलं मशीन तपासलं पाहिजे. ते तपासायला सहा आवाज असतात : आ, ई, ऊ, म, श, स. सर लेकराच्या मागे उभे राहतात किंवा ओठ झाकतात, एकेक आवाज काढतात आणि ऐकू आलं की लेकरू टाळी वाजवतं किंवा डब्यात मणी टाकतं. आधी जवळून, मग चार-सहा फुटांवरून. कालपर्यंत ‘स’ला टाळी देणारं लेकरू आज देत नसेल तर सेल, नळी नाही तर कानातला साचा यांत काही बिघडलं आहे, किंवा कानाला काही झालं आहे. हे दोन-तीन मिनिटांचं काम रोज करायचं असतं, आणि सर तर गुरुवारीच येतात. म्हणून चांगले सर ते तुम्हाला आणि वर्गातल्या बाईंना शिकवून जातात. तुम्हाला ते शिकवलं नसेल तर मागून घ्या.

बारीक गोष्टीही सरांनी सांगायला हव्यात. बटणासारख्या सेलचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर थांबूनच तो मशीनमध्ये घालायचा. एकदा कागद काढला की न वापरताही तो उतरत जातो, म्हणून महिन्याचे सगळे सेल उघडून ठेवायचे नाहीत. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा साचा सैल झालेला असतो. लेकराचा कान वाढतो, साचा वाढत नाही. घामाने आत ओल धरते, रात्री काढून कोरड्या डबीत ठेवायचं.

शिकवताना सरांचं तोंड लेकराकडे असावं, फळ्याकडे तोंड करून बोलू नये. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं तर चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. खुणा वापरल्या म्हणून सर कमी पडले असं समजू नका. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिच्यामुळे बोलणं थांबत नाही. तेलुगूचं म्हणाल तर लेकराशी जी भाषा तुमच्या तोंडून मोकळी येते ती बोला. ‘घरी मराठीच बोला’ असा हुकूम देऊन जाणाऱ्या सरांना तुमच्या घरातले शब्द किती माहीत आहेत, ते विचारा.

प्रश्न : गृहाधारित शिक्षणाची भेट तपासायला गेलो. बहुविकलांग मुलगी गोधडीवर, बाई तिच्याशी खुळखुळ्याने खेळत होत्या. चाळीस मिनिटांत ‘शिक्षण’ असं काही दिसलं नाही. मी काय बघायला हवं होतं?
— शिक्षण विस्तार अधिकारी, परभणी जिल्हा

उत्तर : खुळखुळ्याकडे नाही, मुलीच्या डोळ्यांकडे आणि आईच्या हातांकडे.

खुळखुळा डावीकडून उजवीकडे नेताना मुलगी नजर किंवा मान वळवते का, किती वेळाने वळवते, बाई तो वेळ देतात का आणि त्याची कुठे नोंद होते का, हाच तिथला धडा असतो. मुलगी कशी ठेवली आहे तेही बघा. सपाट पाठीवर टाकलेल्या मुलाला छताशिवाय काही दिसत नाही. गुंडाळलेली गोधडी पाठीशी आणि मांड्यांच्या बाजूंना लावून, भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं की हात समोर येतात. पैसे न लागणारी ही मांडणी बाईंनी केली असेल तर तिला गुण आहेत. भरवण्याची वेळ असेल तर आडवं ठेवून भरवत नाहीत ना, मान मागे पडलेली नाही ना, हे आधी बघा. तसं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि छातीचे आजार मागे लागतात. हे आईला बाईंनी दाखवलेलं असायला हवं.

गृहभेटीत सगळ्यात जास्त गुण आईला काय करता येऊ लागलं याला असावेत. आमच्या मते निम्मे. बाई आठवड्यातला एखादा तास येतात, उरलेला आठवडा आईचा आहे. आईला म्हणा, ‘बाईंनी शिकवलेलं एक करून दाखवा.’ तिने न अडखळता दाखवलं तर बाईंचं काम झालं. बाई व्यायाम देत नाहीत म्हणून गुण कापू नका. त्या फिजिओथेरपिस्ट नाहीत, आणि न शिकलेल्याने आखडलेले सांधे ताणले तर इजा होते. थेरपिस्टने दिलेली सूचना त्या आईकडून पाळून घेतात का, एवढंच विचारा.

जाताना आधी कळवून जा, दोघांपेक्षा जास्त जाऊ नका आणि मुलीचा फोटो आईला विचारल्याशिवाय काढू नका.

प्रश्न : तपासणाऱ्याकडे विशेष शिक्षणाची पदवी हवी का? आणि शेरा कसा लिहावा, याचा एक नमुना द्याल का?
— मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा

उत्तर : अर्ध्या कामाला नको, अर्ध्याला हवीच. मूल कामात आहे का, शिक्षक थांबतो का, नोंदी खऱ्या आहेत का, हे कोणताही जागा मुख्याध्यापक बघू शकतो. पण ब्रेल बरोबर शिकवलं जातं का, हे ब्रेल न येणाऱ्याला कळत नाही. पाटी आणि लेखणीने ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचत लिहितात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. हे माहीत नसलेला तपासनीस ‘मूल उलटं लिहिते’ असा शेरा लिहून मोकळा होतो. खुणांच्या भाषेचंही तसंच. अशा वेळी भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याच अपंगत्वाच्या प्रशिक्षणासाठी नोंदणी असलेला दुसरा माणूस सोबत घ्या. दोघांनी आपापले कागद बोलण्याआधी भरावेत. २० नोंदींत चारपेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर गुण न देता पुन्हा बसावं.

उलट बाजूही असते. बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाकडे अंध मूल सोपवलं गेलं तर ब्रेल न येण्याबद्दल त्याचे गुण कापू नका. ‘ब्रेल प्रशिक्षण हवे’ असं लिहून ती नोंद वर पाठवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते सगळे एका माणसाला येणार नाहीत.

परदेशी तक्ते जसेच्या तसे उतरवण्याच्या मोहाबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या विशेष शिक्षकांच्या संघटनेने २०१७ मध्ये २२ प्रभावी अध्यापन पद्धतींची यादी केली. यादी चांगली आहे आणि त्यातलं सहकार्य, मूल्यमापन, वर्तन आणि अध्यापन हे चार गट आपल्यालाही लागू पडतात. पण एका भेटीत २२ कलमं तपासणारा एकही नीट तपासत नाही. त्या दिवशीच्या कामाला लागू पडतील अशी तीन उचला.

विशेष शाळा राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून शालेय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे वरून येणारे नमुने वेगळे असणारच. शेरा मात्र कुठेही एकाच रीतीने लिहिता येतो.

नेहमी दिसणारा शेरा : ‘विशेष शिक्षक उपस्थित. काम समाधानकारक. अधिक प्रगती अपेक्षित.’ यावरून शिक्षकाने उद्या काय करायचं ते कळत नाही.

त्याऐवजी असा लिहा :

‘१२ ऑगस्ट. इयत्ता तिसरी, गणित, १०.४० ते ११.००. काम : वर्गात राहून मदत. मुलगी अल्पदृष्टी, पहिल्या बाकावर, खिडकी डाव्या हाताला. २० नोंदी : स्वतः ९, सांगून ६, हाताने १, रिकामी ४. शेजारची मुलगी रिकामी १. जाड रेघांची वही वापरात आहे. फळ्यावर उदाहरण लिहिताना वर्गशिक्षक मोठ्याने वाचत नव्हते, चारपैकी तीन रिकाम्या नोंदी तिथल्याच. विशेष शिक्षक दोनदा उत्तर लगेच सांगून गेले. ठरले : वर्गशिक्षक लिहिताना वाचतील, विशेष शिक्षक विचारल्यावर मनात पाच मोजतील. पुन्हा पाहणी ९ सप्टेंबर, हाच तास.’

खाली तिघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्याच दिवशी विशेष शिक्षकांच्या हातात द्या.